स्वमग्नता, जुनाट दुखणे आणि न पाहिलेली माणसे



स्वमग्नता हा आजार नाही. मेंदूची ती एक जन्मजात जडणघडण आहे. मात्र स्वमग्न माणसाला आजार होतात, आणि इतरांहून जास्त होतात. ही दोन वाक्ये सहसा एका दमात बोलली जात नाहीत. स्वमग्नतेवरच्या भाषणांत लहान मुले असतात, शाळा असते, स्पीच थेरपी असते. आजारांवरच्या भाषणांत मधुमेह असतो, रक्तदाब असतो, गुडघे असतात. पण चाळिशीतली एखादी स्वमग्न बाई, जिचे पोट वर्षानुवर्षे बिघडलेले आहे, उभे राहिले की जिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दवाखान्यात फोन करून नंबर लावणे जिला जमतच नाही, ती या दोन्ही भाषणांत नसते. मग ती असते कुठे?

ती बहुधा अंथरुणावर आडवी पडून मोबाइलवर लिहीत असते. पलीकडे कोणीतरी असते. त्या माणसाचे तोंड तिने पाहिलेले नसते, आवाज ऐकलेला नसतो, कधीकधी खरे नावही तिला ठाऊक नसते. तरी तिच्या पोटाची, झोपेची, गोळ्यांची खबर घरच्यांपेक्षा त्या माणसाला अधिक असते. ही ओळख खरी मानायची का, तिच्यातून काय मिळते आणि ती कुठे तोकडी पडते, हा आजचा विषय.

आधी शरीराकडे पाहू. १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास तिथून सुरू करण्याची प्रथा आहे. (मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांविषयी १९२५ मध्ये लिहून ठेवले होते, पण इतिहासात पहिला नंबर लागायला नुसते आधी लिहून भागत नाही.) कॅनर यांच्या निबंधातली मुलांची एकटेपणाची ओढ आणि ठरलेल्या क्रमाचा आग्रह सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच निबंधातली दुसरी नोंद मात्र फारशी कोणी सांगत नाही. ११ पैकी सहा मुलांना जन्मापासून खाण्यापिण्याची गंभीर अडचण होती. एक मूल पहिले वर्षभर उलट्या करत होते. एका मुलीला वर्षाची होईपर्यंत नळीने भरवावे लागले होते. कॅनर यांनी याचा अर्थ काय लावला? अन्न ही बाहेरच्या जगाची पहिली घुसखोरी, आणि या मुलांना बाहेरचे जग आत येऊ द्यायचे नाही, असा. पोट दुखत होते, उलटी होत होती. दोष मनाच्या खाती जमा झाला.

पुढची कित्येक दशके हीच वहिवाट चालू राहिली. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ने तर आईच्या थंडपणालाच जबाबदार धरले. बर्नार्ड रिमलँड यांनी त्याच्या तीन वर्षे आधीच, १९६४ मध्ये, स्वमग्नतेचे मूळ शरीरात आहे असे पुस्तक लिहून मांडले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. शास्त्राची दिशा त्यानंतर हळूहळू बदलली. तरी आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा अतोनात त्रास होणे किंवा ते जाणवतच नसणे, ही गोष्ट अमेरिकेच्या मानसोपचारशास्त्रीय निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेच्या आजच्या निकषांमध्ये यायला २०१३ साल उजाडावे लागले.

आज काय माहीत आहे? अपस्मार, म्हणजे फिट येणे, स्वमग्न व्यक्तींमध्ये इतरांपेक्षा बरेच जास्त आढळते. पोटाच्या तक्रारी आणि झोपेच्या तक्रारी जास्त आढळतात. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या जेसिका एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सांधे नको इतके लवचीक असणे, त्यातून होणारी अंगदुखी, आणि उभे राहताच नाडी धावू लागणे किंवा चक्कर येणे, या गोष्टीही स्वमग्न प्रौढांत अधिक दिसतात. एकेक दुखणे सुटे घेतले तर किरकोळ वाटावे. एकाच अंगात चार एकत्र राहू लागली की माणसाचा दिवस त्यांच्याच तंत्राने चालतो.

आणि आयुष्य? स्वीडनमध्ये २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे २७,००० स्वमग्न व्यक्तींच्या नोंदी त्यात होत्या. अभ्यासाच्या काळात ज्यांचा मृत्यू झाला, त्यांचे सरासरी वय ५४ होते. इतर लोकसंख्येत तेच ७०. बौद्धिक अक्षमताही असलेल्यांत हे वय चाळिशीलाही पोहोचत नव्हते. हे आकडे सगळ्या स्वमग्न लोकांचे आयुर्मान सांगत नाहीत, त्या काळात दगावलेल्यांचे वय सांगतात. एवढे भान ठेवूनही १६ वर्षांचा फरक लहान नाही. यात जन्मजात भाग किती आणि वेळेवर न झालेल्या उपचारांचा भाग किती?

दुसरा भाग समजायचा तर दवाखान्यात जाऊन बसावे लागेल. ट्यूबलाइट फडफडते आहे. नावे पुकारली जात आहेत. कोणाचे तरी मूल रडते आहे, कोपऱ्यातला टीव्ही चालू आहे, जंतुनाशकाचा वास आहे. दीड तासाने आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, “कसे दुखते? ठणकते, टोचते, की जळजळते?” स्वमग्न माणूस या प्रश्नाचे खरे उत्तर शोधू लागतो. तिन्ही नाही, चौथेच काही आहे. त्याला नाव काय? एवढ्यात पुढचा प्रश्न: “एक ते दहामध्ये किती?” दहा म्हणजे कोणते दहा? आजवरचे सर्वांत वाईट, की कल्पनेतले सर्वांत वाईट? तो गप्प होतो. चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग सपाट आवाजात म्हणतो, “सहा असेल.” समोर कळवळणारा रुग्ण नाही, तेव्हा दुखणे फारसे नाही, असा निष्कर्ष निघतो आणि केसपेपरवर पित्ताची गोळी लिहिली जाते.

स्वमग्न माणसांना वेदना कमी होतात, अशी समजूत वैद्यकात पुष्कळ काळ होती. तेल अवीव विद्यापीठातल्या तामी बार-शलिता यांच्या चमूने प्रयोगशाळेत मोजून पाहिले, तेव्हा उलटेच दिसले. वेदना अधिक तीव्रतेने जाणवत होती, आणि ती दाबून टाकण्याची शरीराची क्षमता कमी पडत होती. म्हणजे वेदना पुरेपूर होती. समोरच्याला ओळखू येईल अशा रूपात ती बाहेर पडत नव्हती.

याला आणखी एक पदर आहे. भूक, तहान, लघवीची भावना, छातीतली धडधड, ताप या शरीराच्या आतून येणाऱ्या सूचना अनेक स्वमग्न व्यक्तींना धूसर मिळतात, उशिरा मिळतात, किंवा एकदम सगळ्या मिळतात. दुपारभर चिडचिड होते आणि संध्याकाळी कळते की सकाळपासून पाणीच प्यायलेले नाही. आयर्लंडच्या भूलतज्ज्ञ मेरी डोहर्टी या स्वतः स्वमग्न आहेत. त्यांच्या चमूचा २०२२ मधला अभ्यास सांगतो की ८० टक्के स्वमग्न प्रौढांना साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाणे अवघड वाटते. स्वमग्न नसलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. कारणे कोणती? ७२ टक्के म्हणाले, हे दुखणे डॉक्टरकडे जाण्याइतके आहे का तेच ठरवता येत नाही. ६२ टक्के म्हणाले, वेळ घ्यायला फोन करता येत नाही. उपचारांच्या दारात पोहोचण्याआधीच, घरच्या खुर्चीत बसल्या बसल्या, माणूस दोनदा अडतो.

इतके झाल्यावर ऑनलाइन ओळखींकडे वळता येते. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. ‘माणसांत मिसळता येत नाही म्हणून इंटरनेटवर जातात’ असे म्हणण्याची सवय सर्वत्र आहे. जाणारे नुसते एकटेपणाला कंटाळून गेलेले नाहीत. ते माहितीसाठीही गेले आहेत. आपल्या शरीराचे काय चालले आहे हे सांगणारे दुसरे कोणी त्यांना भेटले नव्हते.

सुरुवात कागदी पत्रांनी झाली. अमेरिकेत जिम सिंक्लेअर, कॅथी ग्रँट आणि ऑस्ट्रेलियाच्या डोना विल्यम्स या स्वमग्न व्यक्तींनी १९९२ मध्ये ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. पुढच्या वर्षी सिंक्लेअर यांनी टोरांटोच्या परिषदेत पालकांसमोर मांडणी केली, ती आजही वाचली जाते. तिचा आशय थोडक्यात असा: मनात कल्पिलेले मूल मिळाले नाही याचे दुःख पालकांनी जरूर करावे, पण ते दुःख समोरच्या जिवंत मुलावर लादू नये. १९९४ मध्ये या संस्थेने ईमेलवरचा गट सुरू केला. १९९६ मध्ये नेदरलँड्सच्या मार्टेन डेकर यांनी आणखी एक गट काढला. ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर या गटात वावरत होत्या. मज्जाव्यवस्थांच्या विविधतेचा, म्हणजे ‘न्यूरोडायव्हर्सिटी’चा, जो विचार आज कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांतही ऐकू येतो, तो त्यांनी १९९८ च्या प्रबंधात मांडला. पत्रकार हार्वे ब्लूम यांनी त्याच सुमारास हा शब्द छापील नियतकालिकात आणला. पण विचार कोणा एकाच्या डोक्यातून निघाला, असे म्हणणे गटातल्या बाकीच्यांवर अन्याय करणारे ठरेल. अनेकांच्या लिहिण्यातून तो आकाराला आला.

लेखी संवाद या माणसांना इतका मानवला का? चेहरा वाचावा लागत नाही आणि चेहरा करावाही लागत नाही. उत्तर लगेच द्यावे लागत नाही. विचार करून, खोडून, पुन्हा लिहून देता येते. गप्प राहिले तरी उद्धटपणा होत नाही. आणि आजारी माणसासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आंघोळ न करता, केस न विंचरता, पडल्या पडल्या, रात्री तीन वाजता लिहिता येते. प्रत्यक्ष मैत्रीत ठरवलेली भेट तीनदा रद्द केली की चौथ्यांदा बोलावणे येत नाही. लेखी मैत्रीत माणूस आठ दिवस गायब होऊन परत येतो आणि जिथे सोडले तिथून बोलू लागतो.

हे लोक प्रत्यक्ष भेटलेच नाहीत असेही नाही. १९९६ पासून सिंक्लेअर आणि सहकारी ‘ऑट्रीट’ नावाची निवासी शिबिरे भरवत. तिथे गळ्यात रंगीत बिल्ले असत. लाल बिल्ला म्हणजे कोणीही बोलायला येऊ नये. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी यावे. बोलायचे आहे पण सुरुवात करता येत नाही, अशांसाठी पुढे हिरवाही रंग वापरला जाऊ लागला. लग्नसमारंभांत असे बिल्ले वाटले तर कितीतरी स्वमग्न नसलेली माणसेही लाल रंग उचलतील, यात शंका नाही.

स्वमग्न माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही, हे शास्त्रात दीर्घकाळ गृहीत होते. २०१२ मध्ये इंग्लंडच्या डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने विचारले, दुसऱ्याला तरी स्वमग्न माणसाचे मन कुठे कळते? अडचण दोन्ही बाजूंची आहे. त्यानंतर २०२० मध्ये एडिंबरोत कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या चमूने एक प्रयोग केला. आठ-आठ माणसांच्या साखळीत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे स्वमग्न असलेली साखळी सगळे बिगर-स्वमग्न असलेल्या साखळीइतकीच नीट गोष्ट पोहोचवत होती. दोघांची मिसळ केली की तपशील गळत होते. पुढे हाच प्रयोग मोठ्या गटावर झाला तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. तेव्हा ‘स्वमग्नांनाच स्वमग्न कळतात’ असे ब्रीदवाक्य करून मिरवण्याचे कारण नाही. एवढे मात्र दोन्ही वेळा दिसले की स्वमग्न माणसे एकमेकांना माहिती देण्यात कमी पडत नाहीत.

मग ती माहिती असते कसली? बाहेरून पाहणाऱ्याला तक्रारींची देवघेव वाटेल. आत काय चालते त्याचा एक नमुना पाहावा. कोणी लिहिते, “दोन दिवस काही खावेसे वाटत नाही, कारण कळत नाही.” उत्तर येते, “शेवटचे पाणी कधी प्यायलीस? लघवीचा रंग कसा आहे? नवी गोळी सुरू झाली आहे का? घरात बांधकामाचा आवाज आहे का?” प्रश्न नेमके आहेत, उत्तरे एका शब्दात देता येतात, आणि विचारणाऱ्याला ठाऊक आहे की समोरची बाई भूक नाही असे म्हणते तेव्हा तिला भूक ओळखू येत नसण्याचीही शक्यता आहे. हे ज्ञान वैद्यकाच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. ते अशाच शेकडो रात्रींतून साठले. डॉक्टरकडे जाताना लक्षणे, तारखा, गोळ्या एका पानावर लिहून नेणे. ‘चेहऱ्यावर दिसत नसले तरी दुखते आहे’ हे पहिल्याच ओळीत लिहिणे. टोपी आणि कानांवर हेडफोन घालून बाकावर बसणे, या युक्त्या अशाच हातोहात फिरल्या.

जुनाट आजार असलेल्यांचे जग याला समांतर उभे राहत होते. अमेरिकेत ल्युपस या आजाराने ग्रस्त असलेल्या क्रिस्टीन मिझरँडिनो यांनी २००३ मध्ये एक लेख लिहिला. खानावळीत मैत्रिणीने विचारले, आजारी असणे म्हणजे नेमके काय असते? त्यांनी आसपासच्या टेबलांवरचे चमचे गोळा करून तिच्या हातात दिले आणि तिच्या दिवसातल्या एकेका कामागणिक एकेक चमचा काढून घेतला. उठणे, आंघोळ, कपडे. घराबाहेर पडण्याआधीच हातातले निम्मे चमचे संपले. निरोगी माणसाला चमचे मोजावे लागत नाहीत, हा त्यातला मुद्दा. ही मोजणी इतकी लोकप्रिय झाली की जगभरचे दीर्घ आजारी लोक स्वतःला चमच्यांच्याच नावाने ओळखू लागले. स्वमग्न लोकांनी ती लगेच उचलली, कारण अनोळखी माणसाशी पाच मिनिटे बोलणे हाही त्यांच्या लेखी चमचाभर खर्च असतो.

असे साठलेले ज्ञान कधीकधी विद्यापीठांपर्यंत पोहोचते. अमेरिकेत ऑरेगनमधल्या डॉक्टर क्रिस्टिना निकोलायडिस आणि स्वमग्न संशोधक डोरा रेमेकर यांनी २००६ मध्ये ‘आस्पायर’ हा संशोधनगट सुरू केला. त्यात स्वमग्न लोक नुसते अभ्यासाचे विषय नव्हते, सहसंशोधक होते. बैठका मुख्यतः लेखी चॅटवर होत, म्हणजे बोलता न येणाऱ्यालाही मत देता येई. वर्षानुवर्षे ‘नॉर्मल’ दिसण्याची कसरत करून माणूस पूर्ण खचतो, त्याची होती-नव्हती कौशल्येही काही काळ जातात. ही अवस्था स्वमग्न लोक आपसात कधीपासून सांगत होते. २०२० मध्ये रेमेकर यांच्या निबंधाने तिला संशोधनात जागा मिळाली. त्याच वर्षी इटलीच्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ रुग्णाने ट्विटरवर वापरलेला ‘लाँग कोविड’ हा शब्द काही महिन्यांत जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी गेला. रुग्ण आधी, शास्त्र मागून, असे याही वेळी घडले.

या सगळ्याचे एकाच आयुष्यात दर्शन घडवणारे नाव म्हणजे मेल बॅग्ज. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात जन्म. लहानपणी येत असलेले बोलणे मोठेपणी पूर्ण गेले. पुढचा सगळा संवाद टंकलेखनातून आणि यंत्राच्या आवाजातून. २००५ मध्ये बॅग्ज व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टनला राहायला गेले, ते इंटरनेटवर ओळख झालेल्या मैत्रिणीजवळ राहता यावे म्हणून. (स्त्री किंवा पुरुष अशी ओळख बॅग्ज यांना मान्य नव्हती, इथले ‘गेले’ हे केवळ आदरार्थी आहे.) जानेवारी २००७ मध्ये त्यांनी यूट्यूबवर साडेआठ मिनिटांची चित्रफीत टाकली. पहिल्या भागात एक व्यक्ती खिडकीशी डुलते आहे, एकसुरी गुणगुणते आहे, हात फडफडवते आहे, नळाच्या धारेत बोटे फिरवते आहे. पाहणारा मनात म्हणतो, बिचारी. दुसऱ्या भागात यंत्राचा आवाज त्या हालचालींचा अर्थ सांगू लागतो: पाण्यातली बोटे कशाचेही प्रतीक नाहीत, तो पाण्याशी चाललेला थेट संवाद आहे, आणि हा संवाद न समजणाऱ्याला कोणी मंद म्हणत नाही, मात्र इतरांची भाषा न बोलणाऱ्याला माणूसपणच नाकारले जाते. दहा लाखांहून अधिक वेळा ती पाहिली गेली. सीएनएनने तिची दखल घेतली, ‘वायर्ड’ मासिकाने पुढच्या वर्षी मोठा लेख छापला.

पण बॅग्ज यांचे रोजचे लिखाण पुष्कळदा पोटाविषयी होते. जठर अन्न पुढेच ढकलत नाही, असा विकार त्यांना होता. अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाई आणि न्यूमोनिया होई. अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा बिघाड होता, स्नायूंचा विकार होता. २०१३ मध्ये रुग्णालयात असताना थेट आतड्यात अन्न पोहोचवणारी नळी बसवणे हा जगण्याचा मार्ग होता, आणि काही डॉक्टर ती बसवायला नाखूश होते. नळीऐवजी दुसरा पर्याय स्वीकारावा, असे सुचवले जात होते. दुसरा पर्याय म्हणजे मरण. इतक्या अक्षमता असलेल्या माणसाचे आयुष्य लांबवावे का, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही. पण खोलीत तो होता, हे बॅग्ज यांनी पुढे स्वच्छ लिहिले. तेव्हा काय झाले? बॅग्ज यांनी अंथरुणावरून जे घडते आहे ते लिहिले. वाचणाऱ्या, कधीही न भेटलेल्या माणसांनी रुग्णालयाला फोन लावायला सुरुवात केली. ज्यांना फोन करणे हा जन्मजात छळ वाटतो, त्यांतल्या कित्येकांनी तो केला. अक्षमतेच्या क्षेत्रातल्या संघटना मध्ये पडल्या. नळी बसली.

त्यानंतर बॅग्ज सात वर्षे जगले. ११ एप्रिल २०२० रोजी, ३९ व्या वर्षी, बर्लिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. पडद्यावरची ओळख खरी की खोटी, या वादात ती सात वर्षे जमेस धरावीत.

बॅग्ज यांच्यावर संशयही भरपूर घेतला गेला. जुन्या सहाध्यायांनी म्हटले, तेव्हा तर चांगले बोलता येत होते. बॅग्ज यांचे उत्तर होते की बोलणे होते, ते गेले. ऑनलाइन ओळखीतला हा सर्वांत विषारी भाग आहे. समोर शरीर नसल्याने पुरावा मागता येतो, आणि कितीही पुरावा दिला तरी पुरत नाही. नीट लिहिता येते म्हणून स्वमग्न नाही. उन्हात फिरतानाचा फोटो आहे म्हणून आजारी नाही. आणि काही वेळा संशय खरा असतो, आजारपणाचे सोंग काढून पैसे गोळा करणारेही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र सोंगाड्याला पकडण्यासाठी उभारलेली चौकशी आधी प्रामाणिक माणसालाच थकवते.

दुसरा धोका भोंदू उपचारांचा. पालकांच्या ऑनलाइन वर्तुळांत क्लोरीन डायऑक्साइड हे ब्लीचिंगचे रसायन स्वमग्नतेवर औषध म्हणून मुलांना पाजले गेले, एनिमातून दिले गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. ज्या वाटेने लघवीचा रंग विचारणारी मैत्रीण आली, त्याच वाटेने हेही आले. फरक कसा ओळखायचा? ढोबळ खूण एकच: चांगली ओळख डॉक्टरांकडे जायला तयार करते, वाईट ओळख डॉक्टरांपासून तोडते.

तिसरी मर्यादा अंतराची. दुसऱ्या खंडातला मित्र गोळी आणून देऊ शकत नाही, भात शिजवू शकत नाही, रात्री रिक्षा करून दवाखान्यात नेऊ शकत नाही. तो स्वतःही बहुधा आजारीच असतो. एखादा माणूस लिहायचा थांबतो, आणि तो रुसला, दवाखान्यात गेला की वारला, हे कळायला मार्ग नसतो. अशा मृत्यूंची बातमी आठवड्यांनी येते, कधी येतच नाही, सुतक कोणी पाळत नाही, आणि शोक करणाऱ्याला घरचे विचारतात, “तो तुझा कोण?”

आता इकडे येऊ. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केले, तेव्हा भारतात हा शब्द डॉक्टरांनाही नीट परिचयाचा नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता मान्य केली. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आहे, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकारही आहेत. कागद म्हणून हे सगळे चांगले आहे. पण जठर न हलणे, झोप न येणे, सांधे निखळणे, चक्कर येणे यांना त्या यादीत स्वतंत्र जागा नाही, आणि स्वमग्नतेशी त्यांची जोड घालून पाहणारा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणे दुर्मीळ.

मराठी माणसाच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो. वर वर्णन केलेला जवळपास सगळा संवाद इंग्रजीत झाला. इचलकरंजीच्या किंवा परभणीच्या एखाद्या स्वमग्न तरुणाला तो वाचायचा तर आधी इंग्रजी यावे लागते. मराठीत जे व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत, ते मुख्यतः पालकांचे आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण मुलाबद्दल बोलणे वेगळे आणि मुलाने मोठे होऊन स्वतःबद्दल बोलणे वेगळे. घरात मात्र या तरुणाविषयी एकच तक्रार असते, की दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. तो काय करतो आहे हे विचारायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

काही गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. मार्च २०२० मध्ये भारत सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत व्हिडिओ आणि फोनबरोबर लेखी संदेशातून सल्ला देण्यालाही मान्यता आहे. ती वापरात आणावी. नंबर लावायला फोनखेरीज मेसेजचा मार्ग प्रत्येक दवाखान्याने ठेवावा. रुग्णाने लिहून आणलेले पान डॉक्टरांनी आधी वाचावे, मग प्रश्न विचारावेत; सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात. गर्दी नसलेली वेळ मागणाऱ्याला ती द्यावी. आणि रुग्णालयाच्या प्रवेश-अर्जात ‘जवळच्या नातेवाइकाचे नाव’ या रकान्याखाली आणखी एक रकाना छापावा: ‘रुग्णाची तब्येत जाणणारी दुसरी व्यक्ती’. तिथे दुसऱ्या शहरातले, दुसऱ्या देशातलेही नाव चालावे; रुग्णाला बोलता येईनासे झाले तर त्या व्यक्तीला एक मेसेज जावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. या सभागृहात डॉक्टर आहेत, रुग्णालयांचे विश्वस्त आहेत. त्यांनी अर्जांच्या पुढच्या छपाईत तो रकाना घालावा.